सोन्याचा नाकतोडा

दसरा आला की आमच्याकडे दाराला नवं बांधतात. नव्या भाताच्या चार लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं, अशी एक छोटी जुडी. रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून ती मला बाजारातून आणावी लागते, आणि बाहेरचं दार लोखंडी जाळीचं असल्यामुळे बांधताना दरवर्षी बोटाला तार लागते. तरी मी बांधते. तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून कापलेल्या भाताचा ओलसर वास वर येतो, आणि मला अमेरिका आठवते.

हे ऐकून माझा नवरा दरवर्षी हसतो. पेंढ्याच्या वासानं बायकांना माहेर आठवतं, हिला अमेरिका, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पण त्यात माझा दोष नाही. आयुष्यात एकदाच परदेशी गेले, तेही ऐन कापणीच्या दिवसांत, आठ मुलांना घेऊन. निघताना गाडीच्या दोन्ही बाजूंना भात कापणं चालू होतं आणि बायका विळे हातात धरूनच आम्हाला टाटा करत होत्या. वास नाकात बसला तो बसलाच.

तेव्हा मी खाडीकाठच्या एका गावात हायस्कूलला मराठी शिकवायचे. शाळेपासून धक्का हाकेच्या अंतरावर. फळ्यावर लिहिताना मागून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला की अर्धा वर्ग खिडकीकडे वळायचा, आणि कुणाची बोट आली हे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचा. या शाळेची मुलं अमेरिकेची जुनी शहरं बघायला जातील असं कुणी आधी म्हटलं असतं तर मीच त्याला बाकावर उभं केलं असतं. पण आमच्याच शाळेतून शिकून तिकडे गेलेल्या काहीजणांच्या मनात आलं, की दहा दिवस आपल्या शाळेतल्या मुलांना आपण राहतो तो देश दाखवावा. दिवाळीची सुट्टी ठरली. निबंध लिहून घेतले, मुलाखती झाल्या, आठ मुलं निवडली गेली. बरोबर भूगोलाचे कदम सर आणि मी.

त्या आठांत श्रावणी होती. नववीतली, दोन घट्ट वेण्या, बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिचे आजोबा म्हणजे दत्तारामतात्या. तात्या तरुणपणी बोटीवर होते. आमच्याकडे 'बोटीवर होते' म्हटलं की मासेमारीची बोट नव्हे, मोठी मालवाहू बोट समजायची. बारा वर्षं खलाशी म्हणून जगभर फिरले, मग गावी येऊन जाळी विणत बसले. त्यांच्याकडे गोष्टी पुष्कळ होत्या, पण गावानं त्यातली एकच धरून ठेवली होती. अमेरिकेतल्या एका बंदरावर लाल विटांची मोठी इमारत आहे आणि तिच्या डोक्यावर सोन्याचा नाकतोडा आहे, असं तात्या सांगायचे.

कोणतं बंदर, ते त्यांना आठवत नव्हतं. "न्यूयार्क असंल, नायतर बोस्टन, नायतर तां फिलाडेल. पन मी माज्या डोल्यांनी बगितला. येवढा मोठा," म्हणून ते दोन हात पसरायचे. त्यावर धक्क्यावरची मंडळी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "तात्यानू, उडत होता का बसलेला?" चाळीस वर्षं हे चालू होतं. गावात तात्यांचं नावच नाकतोडा पडलं होतं. पत्र आलं तरी पोस्टमन विचारायचा, नाकतोडे घरी आहेत का.

गाव हसायचं तशी मीही हसायचे. नुसती हसले असते तर एकवेळ चाललं असतं. त्या वर्षी जुलैमध्ये नववीला अतिशयोक्ती अलंकार शिकवताना मी उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं, 'परदेशी एका घरावर सोन्याचा नाकतोडा बसला होता.' वर्ग खो खो हसला. मलाही आपण फार गमतीदार शिकवतो असं वाटलं. श्रावणी तिसऱ्या बाकावर बसलेली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुलांना मुंबईला नेलं. मी आठवडाभर सगळ्यांकडून इंग्रजी वाक्य घोकून घेतलं होतं, की आम्ही ऐतिहासिक शहरांचा अभ्यास करायला चाललो आहोत. सात मुलांनी ते पाढ्यासारखं म्हटलं. श्रावणीची पाळी आली. खिडकीपलीकडच्या बाईंनी का जातेस विचारलं, आणि आमच्या या मुलीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की माझ्या आजोबांनी तुमच्याकडे एका छपरावर सोन्याचा नाकतोडा बघितला आहे, तो मला बघायचा आहे. त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि व्हिसा मंजूर केला. सगळ्यांत लवकर तिचीच मुलाखत संपली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, एवढंच आहे तर मोबाईलवर शोधून बघ की. दोन मिनिटांत कळेल."

"तात्या नको म्हणालेत," ती म्हणाली. "मोबाईलात आता काय पण दिसतं, गावातली लोकं मानायची नायत. आणि बाई…" ती थांबली. "मोबाईलात नाय मिळाला तर मग मी बघायला जायचं कशाला?"

तिला कशाची भीती वाटत होती ते मला तेव्हा कळलं. पण मी कानाआड केलं. माझं सगळं लक्ष मुलांच्या बॅगांत होतं. त्यांतून सुके बोंबील आणि सोडे मी स्वतः वेचून काढले होते, तरी कुठून तरी वास येतच होता.

वॉशिंग्टनला पोचलो तेव्हा झाडं पिवळी-लाल झाली होती. कदम सर प्रत्येक झाडाखाली उभे राहून पानगळीचा धडा सांगायचे आणि मुलं पानं गोळा करून वह्यांत घालायची. सगळ्यांनी छपरं बघायची असं श्रावणीनं विमानातच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे आमचा कळप रस्त्यानं माना वर करून चालायचा. समोरून येणारी माणसंही थबकून वर बघायची, आणि काही नाही म्हणून पुढे जायची.

तिथे त्या गुलामगिरी मोडणाऱ्या अध्यक्षांचं स्मारक आहे. रुंद पायऱ्या, वर उंच खांबांचा मंडप आणि आत खुर्चीत बसलेली मोठी पांढरी मूर्ती. आमच्यातला एक मुलगा, संघर्ष, बौद्धवाडीतला. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर रोज सकाळी उभा राहणारा. त्यानं वाटेतच कदम सरांना विचारून घेतलं होतं, की गुलामांना सोडवणारे ते हेच का. पायऱ्यांशी आल्यावर तो खाली बसला आणि बूट काढू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग बाकीच्यांनीही काढले. मी काढले, कदम सरांनी काढले. पायऱ्या चढून मूर्तीपुढे अनवाणी जायचं ही आम्हाला इतकी साधी गोष्ट वाटली, की हा देश दुसरा आहे हे एकाच्याही मनात आलं नाही. खाली दहा जोड एका रांगेत नीट लावून आम्ही गार दगडावरून वर गेलो.

परत येऊन बघतो तर जोडांपाशी गणवेशातला एक रखवालदार उभा. एवढे बूट आणि माणसं गायब, म्हणून तो चक्रावला होता. मी इंग्रजी जुळवत होते तोवर संघर्षनं वरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. रखवालदार काळा, उंच, पन्नाशीचा असेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि आमचे बूट घालून होईपर्यंत तसाच उभा राहिला. कदम सर आजही तो प्रसंग सांगायला घेतात आणि अर्ध्यावर थांबून चहा मागवतात.

फिलाडेल्फियात ती प्रसिद्ध तडा गेलेली घंटा बघितली. वाजवायची नाही, हात लावायचा नाही, नुसती बघायची. देवळात शिरताना उडी मारून घंटा वाजवणाऱ्या आमच्या पोरांना हे फार जड गेलं. तन्मय नावाचा एक इरसाल मुलगा हात मागे बांधून तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "बाई, आमच्या बाबांना सांगितलं तर ते वितळवून नवी करून देतील." तो तांबटाचा मुलगा. मी त्याला गप्प केलं, पण मनात आलं, बरोबरच बोलतोय. त्या शहरातही लाल विटांच्या इमारती खूप होत्या, मुलांनी एकही छप्पर सोडलं नाही. मनोरे मिळाले, घड्याळं मिळाली, एका ठिकाणी एक कोंबडा मिळाला. नाकतोडा नाही.

दिवस संपत आले तशी श्रावणी गप्प होऊ लागली. आधीच कमी बोलणारी, त्यात आता जेवणही कमी. तन्मयसुद्धा तिला चिडवेनासा झाला, यावरून काय ते समजा.

शेवटचं शहर बोस्टन. शेवटचा दिवस, आणि विमानतळावर जायच्या आधी उरलेले दीड-दोन तास. बंदराजवळच्या जुन्या बाजारात आम्हाला सोडलं होतं. आभाळ भरलेलं, बोचरा वारा, आणि त्या वाऱ्याला चक्क आपल्या धक्क्याचा वास. मुलं हरखली. बाजारासमोर लाल विटांची एक इमारत होती आणि तिच्यावर पांढरा मनोरा. आम्ही तिच्या दारांवर बघितलं, भिंतींवर बघितलं, कोपऱ्यात पुतळा आहे का बघितलं. मनोऱ्याच्या टोकाला एक काठी दिसत होती, जाडसर, मळकट पिवळी. बाकी काही नाही.

श्रावणी एका बाकावर बसली. "चला बाई. नाय मिळायचा."

मी तिच्या शेजारी बसले. समजूत घालायला गेले आणि भलतंच बोलून बसले. "अगं, खूप वर्षं झाली. तात्यांना दुसरंच काहीतरी आठवत असेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"तात्या जाळी विणताना एक गाठ चुकली तर अख्खी ओळ उसवतात," ती म्हणाली. "ते दुसरंच काहीतरी कशाला सांगतील? तुम्ही फळ्यावर लिहिलंत ना बाई, म्हणून वर्गात सगळ्यांना ते खोटं वाटतं."

वीस वर्षं शिकवत होते. फळ्यावर काय काय लिहिलं, आणि ते कुणाला कुठे लागलं, याचा हिशेब कधी केलाच नव्हता. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

जरा वेळानं तीच उठली. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं, धक्क्यावर सगळे करतात तसं. "वारा दर्यावरना आहे," ती स्वतःशीच बोलली. आणि मग एकदम माझ्याकडे वळली. "बाई, तात्या कुठेपण गेले की पहिला वारा बघतात. लग्नाला गेले तरी मांडवात शिरायच्या आधी वारा बघतात. या बंदरात उतरल्यावर त्यांनी आधी काय बघितलं असणार?"

"वारा," कदम सर म्हणाले.

"मग वारा दाखवायला इथे कायतरी उंच असणारच. आपण दारांवर शोधत बसलो."

ती मनोऱ्यावरच्या त्या जाड काठीकडे बघत राहिली. आम्हीही बघत राहिलो. वाऱ्याची एक झुळूक बाजूनं आली. बाजारातल्या छत्र्या फडफडल्या, आणि ती काठी हलकेच वळली. वळता वळता तिला पाठ फुटली, मिशा फुटल्या, गुडघे वर काढलेले लांब पाय फुटले. पिवळाधमक, सोन्याचा, चांगला दोन हात पसरावेत एवढा नाकतोडा आमच्या डोळ्यांसमोर आडवा झाला. तो वाऱ्याची दिशा दाखवणारा होता, आणि इतका वेळ वाऱ्याला म्हणजे आमच्याकडेच तोंड करून उभा होता, म्हणून नुसती काठी दिसत होती.

तन्मयनं आरोळी ठोकली. बाकीची पोरं नाचायला लागली. आजूबाजूची माणसं हसून बघत होती. त्यांना तो रोजचाच. कदम सर भराभर फोटो काढत सुटले. श्रावणी मात्र नाचली नाही. तिनं माझा हात घट्ट धरला.

"फोटो असू देत," ती म्हणाली. "बाई, तुम्ही बघा. नीट बघून घ्या."

मी बघितला. डोळ्यांत पाणी येत होतं ते पुसून पुसून बघितला.

परत आलो तेव्हा गावात कापण्या आटोपल्या होत्या, खळ्यांत झोडणी चालू होती. आमच्या स्वागताला धक्क्यापाशी बरीच माणसं जमली होती. हार झाले, नारळ झाले. आणि मग अपेक्षेप्रमाणे कुणीतरी खाकरून विचारलं, "काय बाईनू, नाकतोडा बरा हाय ना?" सगळे हसले. तात्या एका कडेला जाळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

मी म्हटलं, "बरा आहे. लाल विटांच्या इमारतीवर आहे, बोस्टनला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. एवढा मोठा." आणि मी दोन हात पसरले, तात्या पसरायचे तसेच.

हसणं कुठच्या कुठे विरलं. तात्यांनी तेव्हा वर बघितलं आणि एकच विचारलं, "तोंड कुठं होता त्याचा?"

"दर्याकडे," श्रावणी म्हणाली. "मग फिरला."

"फिरनारच," तात्या म्हणाले, आणि पुन्हा गाठ मारायला लागले.

माणसं पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. जुलैतलं ते फळ्यावरचं वाक्य त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची माफी मागणं मी समजत होते तेवढं अवघड नव्हतं, कारण ते अवघड होऊ देत नव्हते.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "पोरीनं त्याच दिवशी येवन सांगितलान."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत, तात्या?"

"काय बोलू? गावातली हसतात तां हसूदेत. त्यांना तेवढीच गंमत. पन तुमी शालेत लिवलाव. शालेत लिवलेला पोरांना खरा वाटता." त्यांनी जाळं झटकलं. "म्हनून पोरीला सांगितला, मोबाईलात नको बगू. बाईंना घेवन जा, आनि बाईंना दाखव."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मी नववीच्या वर्गात गेले, व्याकरणाच्या वह्या काढायला लावल्या आणि सांगितलं, की अतिशयोक्तीचं मी दिलेलं उदाहरण चुकीचं होतं, ती गोष्ट खरी आहे, ती ओळ खोडा. चाळीस पेनं कागदावर खरखरली. मी बाकांमधून फिरत बघत होते. तिसऱ्या बाकाशी आले तर श्रावणी पेन हातात धरून स्वस्थ बसलेली. तिच्या वहीत खोडायला काही नव्हतंच. व्याख्या सुवाच्य अक्षरात होती आणि तिच्याखाली 'उदाहरण' असं लिहून पुढे जुलैपासून ओळ कोरी सोडलेली होती.

आता ती रत्नागिरीत कॉलेजला आहे. शाळेच्या छपरावर तात्यांनी आणि तन्मयच्या वडिलांनी मिळून पत्र्याचा एक नाकतोडा बसवला आहे, पिवळ्या रंगाचा. दर्यावर जाणारी माणसं आधी त्याच्याकडे बघतात आणि मग नांगर उचलतात. तात्यांना मात्र अजून नाकतोडाच म्हणतात. ते गाव सुधारण्यातलं नाही. काल श्रावणी नव्याच्या लोंब्या घेऊन घरी आली होती, त्यांच्या शेतातल्या. बाजारच्या कशाला, म्हणाली. जाळीच्या दाराला तिनंच बांधून दिल्या, आणि बांधण्याआधी सवयीनं बोट ओलं करून वर धरलं. तेव्हा मी तिला विचारलं, की त्या वहीतली ओळ पुढे कधी भरलीस का.

"नाही बाई," ती म्हणाली. "तुम्ही दुसरं उदाहरण दिलंतच नाहीत."